कोपरा कोणी कापला

बाबा,

भात कापायला यंदा नवा माणूस लावला आहे. पोलादपूरकडचा. कामाला चांगला, तोंडाने फटकळ. काल सगळं खाचर कापून झालं आणि ओढ्याकडचा कोपरा तेवढा उभा राहिला, तेव्हा तो विळा खांद्यावर टाकून माझ्यासमोर येऊन उभा. "बाय, ह्यो तुकडा का ठेवलाव? उद्या परत यायचा हाय काय?" मी म्हटलं, तो नाही कापायचा. तो म्हणाला, "का?" आता का म्हणजे काय सांगू? माझे गुडघे दुखतात, डोक्यावर ऊन, आणि या वयात मी बांधावर उभी राहून एका परक्या माणसाला सांगते आहे की आमच्या तोरात, म्हणजे धर्मग्रंथात, असं लिहिलं आहे, शेत कापताना कडेकोपऱ्यापर्यंत कापू नये, तेवढं गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडावं. त्याने ऐकून घेतलं आणि मजुरी मात्र पूर्ण खाचराची मागितली. तेव्हापासून मी तुमच्यावर चिडले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी बोलणी मलाच खावी लागतात.

तसं तुमच्यावर चिडणं मला नवीन नाही. तुम्ही महाडच्या कोर्टात नकला उतरवायच्या कामावर होता आणि तोच स्वभाव घरी घेऊन यायचात. मुळात काय आहे ते बघायचं, आहे तसं उतरवायचं, मुळात चूक असली तरी नकलेत दुरुस्त करायची नाही. कोर्टातल्या कागदांना हे ठीक होतं. पण दर शनिवारी, शब्बाथच्या दिवशी, तुम्ही ओटीवर बसून त्या आठवड्याचा भाग मोठ्याने वाचायचात आणि मग आमच्या घरात जे जे चाललं असेल त्याला तो लावायचात, आम्हाला हवं असो वा नसो. एसटी दीड तास उशिरा आली तर वाळवंटातली चाळीस वर्षं. माझी पाटी फुटली तर मोशेच्या पाट्या. रेशनवर रॉकेल मिळेना, आईने शेजारणीकडून एक डबा जास्तीचा मिळवून माळ्यावर ठेवला, तर तुम्ही तिला आकाशातून पडणाऱ्या मान्नाची गोष्ट सांगितलीत. ज्याने त्याने त्या दिवसापुरतंच उचलायचं होतं, साठवलं त्याच्या भांड्यात किडे झाले. आई चुलीपुढून म्हणाली, "मग उद्याचं रॉकेल कोण देणार, मोशे?" तुम्ही हसला नाहीत. तुम्ही पुस्तकाची पानं उलटायला लागलात, बहुधा उत्तर शोधायला.

त्या ओटीवर बसून मला वाटायचं, किती हजार वर्षांपूर्वीच्या, कुठल्या तरी कोरड्या मुलखातल्या लोकांना सांगितलेलं हे सगळं. आपल्या गावात चार महिने पाऊस थांबत नाही. आपल्याला त्याचं काय? गावात आपलं एकच यहुदी घर, शनिवारी काम न करणारं, म्हणून लोक आपल्याला शनवारतेली म्हणायचे. घाणा आजोबांच्या वेळीच बंद पडला होता, नाव तेवढं राहिलं. इकडे कुणब्यांची आळी, ओढ्यापलीकडे बौद्धवाडी, मध्ये आपण. महाडात आपल्यातली तीन घरं होती, तीही एकेक करून इस्रायलला निघायच्या बेतात. प्रार्थनेला लागतात ते दहा पुरुषही जमायचे नाहीत. आणि तुम्ही म्हणायचात, "हे आजचंच आहे. आजच्यासाठीच लिहिलंय." असं म्हणायचात जणू शाई अजून ओली आहे.

मामा इस्रायलला गेला त्याच वर्षी तुम्ही पहिल्यांदा कोपरा सोडलात. आईने विचारलं, "आजोबांनी कधी सोडला होता?" तुम्ही म्हणालात, "त्यांना वाचता येत नव्हतं." भात कापून झालं, खळ्यात भाऱ्यांची उडवी रचून झाली, आणि ओढ्याकडचा तो कोपरा, आपल्या खाचरातला सगळ्यात सकस, पिवळाधमक उभा. तुम्ही कोणाला काही सांगितलं नाहीत. सांगायचं नसतं, बोलवायचं नसतं, हातात द्यायचं तर नसतंच नसतं. फक्त सोडायचं आणि पाठ फिरवायची. ज्याला हवं तो येईल.

कोणी आलं नाही. येणार कसं? कुणबी आळीत दोन दिवसांत बातमी की तेल्याने राखणदाराला वाटा ठेवलाय. शेताची राखण करणाऱ्याच्या वाट्याला हात कोण लावणार! शेजारच्या म्हाताऱ्याने तर तिथे नारळ आणून ठेवला. तुम्ही तो नारळ उचलून त्याच्या घरी परत नेऊन दिलात आणि अर्धा तास समजावून आलात, तर दुसऱ्या दिवशी तिथे दोन नारळ. दाणे गळले, उरलेलं चिमण्यांनी आणि उंदरांनी खाल्लं. दुसऱ्या वर्षी तेच. आई म्हणायची, "गरिबाच्या नावाने उंदीर पोसताय." मला तिचं पटत होतं.

तिसऱ्या वर्षी तुमचा धीर सुटला आणि तुम्ही स्वतःचाच नियम मोडलात. ओढा ओलांडून वाडीत गेलात, मला बरोबर घेऊन. आपल्याकडे लावणीला यायची ती मावशी अंगणात सुपात भात पाखडत होती. तुम्ही म्हणालात, "बाय, ओढ्याकडचा कोपरा ठेवलाय. तुमच्यातलं कोणी तरी येऊन कापून न्या."

तिने सूप खाली ठेवलं. "उरलेला?"

"उरलेला नाही. सोडलेला."

"येकच झाला," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तेली दादा, माझा सासरा तळ्यावर पानी प्यायला गेला व्हता. आल्यावर त्यानं सगल्या वाडीला सांगितलान, आजपासून कुनाच्या खल्यावर पदर पसरायचा नाय, कुनी टाकलेला उचलायचा नाय. आमी उपाशी निजलो, पन गेलो नाय. आनी आता तुमचा कोपरा उचलू?"

तुम्ही गडबडलात. म्हणालात, तसं नाही, हे धर्माचं आहे, गरिबासाठी आणि परक्यासाठी. तेव्हा ती हसली. "परका कोन? मी हितलीच हाय. तुमचे वाडवडील बोट फुटून किनाऱ्याला लागले, असा तुमीच सांगता ना? मग कोपरा तुमचाच की!"

परतताना तुम्ही मान खाली घालून माझ्यापुढे चालत होता. मला तुमची दया यायला हवी होती. मला राग आला, तिचा नाही, तुमचा. ती जे बोलली ते या तालुक्यातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. रोज चवदार तळ्यावरून कोर्टात जाणाऱ्या माणसाला ते कळू नये? पुस्तकातला गरीब तुम्हाला नीट दिसत होता, ओढ्यापलीकडची बाई दिसत नव्हती. घरी येऊन तुम्ही पुन्हा तेच पान उघडलंत.

आणि आईचं काय? तिचा एकुलता एक भाऊ तिकडे. मामाची निळी पत्रं यायची. त्यात तिथल्या कारखान्याचं, तिथल्या खोल्यांचं, शेजारी सगळे आपलेच कोकणातले असल्याचं वर्णन. शेवटी एक ओळ हमखास, पोरीला इकडे आणा, तिकडे तिला मुलगा कुठला मिळणार. आई ती ओळ मोठ्याने वाचायची आणि तुमच्याकडे बघायची. ती भांडखोर नव्हती. पण चौथ्या वर्षी लावणी संपली त्या संध्याकाळी तिने भाकरी थापता थापता विचारलं, "अहो, इथे कोणासाठी राहायचं आपण? सांगा तरी."

तुम्ही म्हणालात, "या वर्षी बघू. उडवी मोडून सगळं भात झोडून होईपर्यंत कोपरा असाच उभा राहिला, तर मी समजेन की हे इथे चालायचं नाही. मुंबईला जाऊन इस्रायलचा फॉर्म भरू. पण कोणी एकाने जरी कापला, तर आपण राहायचं."

हे काय बोलणं होतं, बाबा? तीन माणसांच्या आयुष्याचा निकाल तुम्ही वीतभर भातावर टाकलात! आईने मात्र हो म्हटलं, लगेच. तिला माहीत होतं, कोणी कापणार नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने भांड्यांची वाटणी सुरू केली, हे न्यायचं, हे शेजारणीला द्यायचं, हे टाकायचं. गाणं गुणगुणायची. तिला इतकी हलकी झालेली मी त्याआधी बघितली नव्हती आणि त्यानंतरही नाही.

कापणी झाली, उडवी रचली. तुम्ही रोज कोर्टातून आलात की चपला न काढता बांधापर्यंत जाऊन यायचात. येऊन पाय धुवायचात. दिवसेंदिवस तुमचा चेहरा उतरत चालला होता. आणि मग तो शनिवार. तुम्ही ओटीवर वाचताय. आई शब्बाथची भांडी झाकून आडवी झाली आहे. उन्हाच्या वेळी कुणबी आळीतलं कोणी शेतावर नाही. मी मैत्रिणीकडे जाते म्हणून मागच्या दाराने निघते आणि आडोशाला लावलेला विळा उचलते. मला कापता कुठे येत होतं? डी.एड. झालेली मुलगी मी, विळा हातात धरला तो नारळाच्या झावळ्या सोलायला. कुठे ढोपरभर धसकट राहिलं, कुठे मुळासकट उपटून आलं. डाव्या हाताचं बोट कापलं. शब्बाथला काम केलं, तेही चोरून, तेही मालकाच्या मुलीने, जिला त्या कोपऱ्यावर सगळ्यात कमी हक्क. एका दुपारी किती नियम मोडता येतात ते मी मोजलं नाही. भारा बांधला आणि खळ्यात नेऊन उडवीवर टाकला. बाकीच्या भाऱ्यांत तो दिसून आला नाही.

रविवारी सकाळी तुम्ही बांधावर गेलात आणि पळत परत आलात. पळत! तुमचं धोतर चिखलाने भरलं होतं. "कापला! कोणी तरी कापला!" आई तांब्या घेऊन उभी होती, तशीच उभी राहिली. मला वाटलं, आता तुम्ही ते धसकट बघून म्हणाल, हे काय कापणं आहे, हे आपल्या पोरीचं काम. शेतकऱ्याच्या घरातल्या कोणालाही एका नजरेत कळलं असतं. तुम्ही काय म्हणालात? "घाईघाईने कापलंय. किती भूक असेल बिचाऱ्याला." माझ्या बोटाला चिंधी बांधलेली होती. तुम्ही तोच चिंधी बांधलेला हात धरून मला तिथे न्यायला निघालात, दाखवायला. वाचलेलं सगळं तुम्हाला उभ्या शेतात दिसायचं, आणि हातात धरलेलं दिसत नव्हतं.

आई एवढंच म्हणाली, "झालं तुमच्या मनासारखं." मग तिने बाजूला काढलेली भांडी एकेक करून परत फळीवर लावली. मी तिला मदत केली.

तुम्हाला मात्र आभार मानायचे होते. आपल्यात आभाराला करतात तसा नबीच्या नावाने गोड पोह्यांचा मलिदा करायचा ठरवलंत. महाडातून दोन घरची माणसं येणार. मलिद्याला पोहे हवेत, आणि तुमचा हट्ट की ते घरच्या नव्या भाताचे हवेत. उडवीचे वरचे भारे आधी उतरतात. आईने वरचाच, म्हणजे मी टाकलेला भारा ओढला, झोडला, भिजवून भाजून पोहे कांडले. मी बघत होते. तिला थांबवायला तोंड उघडलं असतं तर सगळंच बाहेर आलं असतं. म्हणून मी गूळ किसत बसले.

तबकात पोह्यांचा ढीग, वर ओलं खोबरं, वेलची, पाच फळं. तुम्ही टोपी घालून आशीर्वाद म्हणताय, आवाज भरून आलाय. आणि दारात ती मावशी उभी. तिला आत या म्हणायच्या आधीच तिने सुरुवात केली. "तेली दादा, आमच्यातल्या कुनी तुमचा कोपरा कापला नाय. तुमी बाजारात, यष्टीत, सगलीकडं सांगत फिरता. वाडीत भांडनं लागलीत. ह्यो त्याच्याकडं बोट दाखवतोय."

"मी वाडीचं नाव नाही घेतलं," तुम्ही म्हणालात.

"गरिबाचा घेतलात ना? मग लोक कुनाकडं बघनार?" बोलता बोलता तिची नजर माझ्याकडे वळली. तबक माझ्या हातात होतं. तिने माझं बोट बघितलं, मग माझं तोंड बघितलं. तिला कळलं. मी मान खाली घातली आणि वाट बघत राहिले, आता बोलेल, आता बोलेल.

ती बोलायच्या आत तुम्ही बोललात. "बाय, कोणी कापला हे मी विचारणारच नाही. विचारायचंच नसतं. ती जागा माझी नाही. सातबाऱ्यावर माझं नाव आहे, पण तेवढा कोपरा माझा नाही. मी तो कोणाला देत नाही, मला तो द्यायचा अधिकारच नाही."

तिने विचारलं, "तसा लिवलाय?"

"तसंच लिहिलंय."

"मग त्या दिशी तसा का नाय सांगितलाव? येऊन कापून न्या म्हनालात. न्या म्हनजे तुमी देनार, आमी घेनार. हक्काचा असता तर न्या कशाला म्हनायला हवा?"

महाडचे पाहुणे बघत होते. तुम्ही टोपी सारखी केलीत. "चुकलं माझं," तुम्ही म्हणालात. "मुळात नव्हतं ते मी नकलेत घातलं." तुमच्या तोंडून चुकलं हा शब्द मी आयुष्यात तेवढा एकदाच ऐकला, आणि तोही आईला उद्देशून नव्हता.

मावशी म्हणाली, "हक्काचा असंल तर पुढच्या साली मी दुपारी येईन, सगल्यांच्या देखत. तुमाला इचारनार नाय आनी उपकारबी माननार नाय."

"मानलेत तर नियम मोडेल," तुम्ही म्हणालात. मग माझ्याकडे वळून, "बाय, मावशीला मलिदा दे. हा मात्र मी देतोय. हा पाहुण्याचा आहे."

ती ओटीवर बसली. मी तिच्या हातावर पोहे घातले. तिने खाल्ले, आणि खाताना माझ्याकडे बघत राहिली. जाताना फक्त म्हणाली, "कापायचा इला नीट धरायला शीक गो."

पुढच्या वर्षी ती आली. भर दुपारी, डोक्याला फडकं बांधून, दोन सुनांना घेऊन. कुणबी आळी बांधावर जमली. तुम्ही रजा काढून घरी होता, पण शेताकडे पाठ करून ओटीवर बसलात, बघायचं नाही म्हणून. मला म्हणालात, "काय चाललंय सांग." मी सांगत होते, त्या कापतायत, बांधतायत, निघाल्या. मावशीने तुमच्या ओटीकडे वळूनही बघितलं नाही. तुमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तुम्ही हसत होता. त्या वेळी मला पहिल्यांदा वाटलं की त्या जुन्या पुस्तकात काही तरी आहे खरं. कोणाला देऊन उपकार करायचा नाही, कोणाचा घेऊन मिंधं व्हायचं नाही, आणि तरी कोणी उपाशी राहायचं नाही, हे त्या कोरड्या मुलखातल्या कोणाला तरी सुचलं होतं. ते आपल्या ओढ्याकाठी, आपल्या मावशीच्या तोंडून पुरं झालं. तुमच्या एकट्याच्या वाचण्याने ते कधीच झालं नसतं. पण तुम्ही वाचायचे थांबला असतात तरीही झालं नसतं. हे कबूल करताना माझी चिडचिड होते, पण करते.

तुम्ही त्यानंतर पाच पावसाळे काढलेत. समाधानाने गेलात. त्या आधीच मामा तिकडे वारला, त्याची बातमी निळ्या पत्रातून आली, आणि आईने ते पत्र वाचून घडी घालून डब्यात ठेवलं. तुमच्यामागे मी तिला म्हटलं, आता जाऊ या, मी येते बरोबर. ती म्हणाली, "आता तिकडे कोण आहे माझं? आणि यांना इथे एकटं टाकून?" ती इथेच गेली, तुमच्या शेजारी आहे. माझं लग्न झालं नाही. मामाची ती ओळ खरी ठरली.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तुमचा उतरलेला चेहरा बघवेना म्हणून मी विळा उचलला. ऐकायला बरं वाटतं. पण त्या शनिवारच्या आदल्या दिवशी मला पोलादपूरच्या वर डोंगरातल्या शाळेत नेमणुकीचा कागद आला होता. मी तो कोणाला दाखवला नव्हता, पेटीत तळाशी ठेवला होता. मला जायचं नव्हतं, बाबा. मला माझी शाळा हवी होती. तुम्ही नबीचे आभार मानत होता आणि मी तबक धरून उभी होते. तुमचं यात काही गेलं नाही. तुम्हाला हवं होतं ते मिळालं, मलाही मिळालं. गेलं ते आईचं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, हे मला कळतं. खरं तर ते तुम्हाला लिहायचंही नव्हतं. आईला लिहायला म्हणून मी कितीदा तरी बसले आहे, पण "आई" एवढं लिहिलं की पुढे काही सुचत नाही. तुमच्यावर निदान चिडता तरी येतं.